आल्व्हारिस माशादोची जपानी दफनभूमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राझीलच्या साओ पाउलो राज्यातल्या या ग्रामीण दफनभूमीबद्दल जपानी शिकणारे विद्यार्थी, ब्राझीलला कामानिमित्त जाणारे लोक आणि कबरींचे फोटो वाचून देणारे स्वयंसेवक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी माहिती, मग भेट, मग दगड वाचणं आणि शेवटी निगा, असा क्रम आहे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही दफनभूमी नेमकी कुठे आहे आणि कोणाची?

साओ पाउलो राज्याच्या पश्चिम टोकाकडे प्रेसिदेंते प्रुदेंते नावाचं शहर आहे. त्याला लागूनच आल्व्हारिस माशादो हे छोटं गाव आहे आणि ही दफनभूमी त्याच गावाच्या शिवारात आहे. १९१७ च्या सुमारास होशिना केनइचिरो यांनी इथे जपानी शेतकऱ्यांची वसाहत उभी करायला सुरुवात केली. त्याआधी १९१६ मध्ये त्यांनीच ब्राझीलमधलं पहिलं जपानी साप्ताहिक काढलं होतं. सोरोकाबाना रेल्वे पश्चिमेकडे सरकत होती, तिच्या कडेची जंगलजमीन हप्त्याने मिळत होती. ती तोडून या कुटुंबांनी कॉफी आणि पुढे कापूस केला. दफनभूमी त्याच पिढीची. केवळ जपानी समाजाने स्वतःसाठी केलेली ब्राझीलमधली एकमेव दफनभूमी अशी तिची ओळख आहे, आणि १९८० मध्ये राज्याच्या वारसा परिषदेने तिला संरक्षित केलं.

२. जपानी शेतकरी इतक्या लांब गेलेच कशाला?

ब्राझीलमध्ये १८८८ साली गुलामगिरी बंद झाली आणि कॉफीच्या मळ्यांना मजूर हवे झाले. आधी इटलीतून लोक आले. पण मळ्यांवरच्या हालांमुळे इटलीने १९०२ मध्ये भाडं भरून मजूर नेण्यावर बंदी घातली. मग जपानशी बोलणी झाली. १८ जून १९०८ रोजी ‘कासातो मारू’ हे जहाज ७८१ करारबद्ध प्रवासी घेऊन सांतोस बंदराला लागलं. मळ्यावर मजुरी कमी आणि मळ्याच्याच दुकानातली उधारी जास्त, असा हिशोब निघाला. म्हणून जमेल त्याने करार संपवला किंवा मोडला आणि स्वतःच्या जमिनीचा शोध घेतला. आल्व्हारिस माशादो ही अशा दुसऱ्या टप्प्यातली वसाहत आहे. इथल्या कबरी मळ्यावरच्या मजुरांच्या नाहीत, जमीन घेतलेल्या शेतकऱ्यांच्या आहेत. हा फरक लक्षात ठेवावा.

३. वेगळी दफनभूमी का? जपानी लोकांना इतरत्र पुरू देत नव्हते का?

तसं नाही. ब्राझीलच्या १८९१ च्या राज्यघटनेने सगळ्या दफनभूमी धर्मनिरपेक्ष करून नगरपालिकांकडे सोपवल्या होत्या आणि तिथे प्रत्येकाला आपापल्या रीतीने विधी करायची मुभा होती. अडचण होती ती अंतराची. मृतदेह खांद्यावर घेऊन जंगलातल्या पायवाटेने प्रेसिदेंते प्रुदेंतेपर्यंत जावं लागे. पावसाळ्यात, उष्ण हवेत आणि घरातली इतर माणसंही तापाने पडलेली असताना हे होत नसे. म्हणून वसाहतीने स्वतःची जागा केली.

४. एवढी माणसं, त्यातही इतकी लहान मुलं, कशाने गेली?

वसाहतीचं मूळ नाव ब्रेझाऊं. ‘ब्रेझो’ म्हणजे दलदल, आणि ब्रेझाऊं म्हणजे मोठी दलदल. प्यायचं पाणी जवळ हवं म्हणून घरं सखल भागात, ओढ्याकाठी बांधली जात आणि तिथेच हिवतापाचे डास. ताज्या तोडलेल्या जंगलात साचलेल्या पाण्याने डास आणखी वाढत. डॉक्टर नाही, क्विनीन वेळेवर नाही, भाषा येत नाही. त्यातच १९१८ ची फ्लूची साथ आली. कॉफीचं झाड हाताशी पीक द्यायला चार-एक वर्षं घेतं. तोवर ओळींमधल्या मका, भात आणि घेवड्यावर घर चालायचं, म्हणजे अंगात आधीच ताकद नसायची. अशा घरात पहिला बळी तान्ह्या मुलाचा जातो.

हे फक्त इथेच घडलं नाही. १९१५ मध्ये हिरानो उन्पेई यांनी काफेलांजियाजवळ वसवलेल्या वसाहतीत भातासाठी नदीकाठची सखल जमीन निवडली गेली आणि पहिल्या काही महिन्यांतच सत्तरहून जास्त माणसं हिवतापाने गेली. जपानमध्ये चांगली शेती म्हणजे पाण्याजवळची शेती. घरून आणलेलं तेच शहाणपण इथे जिवावर बेतलं.

५. जपानी लोक तर दहन करतात ना? मग पुरलं का?

आज जपानमध्ये जवळपास सगळ्यांचं दहन होतं, पण त्या काळी तसं नव्हतं. खेड्यांत दफन सर्रास चाले. १८७३ ते १८७५ या काळात तर सरकारने दहनावर बंदीच घातली होती. शिवाय ब्राझीलमधलं पहिलं दाहगृह १९७४ साली साओ पाउलो शहरात सुरू झालं. वसाहतीतल्या लोकांनी रीत सोडली नाही, गावाकडे करत तेच इथे केलं.

६. १९४२ मध्ये ती बंद का झाली?

ब्राझीलचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांच्या राजवटीने १९३७ नंतर ‘राष्ट्रीयीकरणा’ची मोहीम चालवली. १९३८ पासून परकी भाषेतल्या शाळांवर निर्बंध आले, १९४१ मध्ये जपानी वृत्तपत्रं थांबली. जानेवारी १९४२ मध्ये ब्राझीलने जपानशी संबंध तोडले आणि सार्वजनिक ठिकाणी जपानी बोलणंही गुन्हा ठरलं. एकाच वंशाच्या लोकांसाठी राखीव दफनभूमी हा भेदभाव आहे, असं कारण देऊन त्या वर्षी इथलं दफन थांबवलं गेलं. त्यानंतर गेलेल्यांना सार्वजनिक दफनभूमीत पुरलं. त्यामुळे पतीची कबर इथे आणि पत्नीची तिथे, अशी जोडपी आहेत. दगड वाचताना हे उपयोगी पडतं (प्रश्न १२ आणि १६ पाहा).

७. ७८४ हा आकडा कबरींचा की माणसांचा?

माणसांचा. इथे ७८४ जण पुरले आहेत असं सांगितलं जातं. जागेवर तेवढे दगड मोजायला गेलात तर हिशोब जुळणार नाही. सुरुवातीच्या अनेक कबरींवर दगड नव्हता, चौकोनी लाकडी खांब होता आणि वाळवीने तो केव्हाच खाल्ला. काही कबरींवर नुसता विटांचा चौथरा आहे. मोकळं दिसणारं गवतही कबर असू शकतं. म्हणून आखलेल्या वाटेवरूनच चाला, दोन कबरींमधून तिरपं जाऊ नका.

८. इथे एक ब्राझिलियन माणूसही पुरला आहे, हे खरं का?

हो. त्याचं नाव मानोएल. जपानी कुटुंबाला दरोडेखोरांपासून वाचवताना तो मारला गेला आणि वसाहतीने त्याला आपल्यातच जागा दिली. शेकडो जपानी कबरींमध्ये ही एकच जपानी नसलेल्या माणसाची. भेट द्याल तेव्हा तिथे जरूर थांबा.

९. शोकोनसाई म्हणजे काय आणि कधी असतं?

मृतांच्या आत्म्यांना आवाहन करायचा वार्षिक विधी. १९२० पासूनची ही परंपरा आहे आणि दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी तो होतो. जपानमधला ओबोन, म्हणजे पितर घरी येण्याचे दिवस, काही भागांत जुलैच्या मध्यावरच असतो. दिवसा प्रार्थना, अर्पण, नाचगाणी. सूर्य मावळतीला आला की प्रत्येक कबरीवर मेणबत्ती लावली जाते, दगड असो की नुसती खूण. आपल्याकडच्या सर्वपित्रीसारखंच आहे, ज्यांचं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठीही दिवा लागतो. मेणबत्त्या पेटवायच्या वेळी वारा पडतो असं इथले लोक सांगतात.

तिथे जुलै म्हणजे हिवाळा. सहाच्या सुमारास अंधार होतो आणि लगेच गारठा पडतो. स्वेटर आणि टॉर्च न्या.

१०. ‘शोकोनसाई’ हा शब्द तर युद्धात मेलेल्या सैनिकांसाठी वापरतात. इथे तो कसा?

जपानी शिकणारे हा प्रश्न हमखास विचारतात आणि शंका रास्त आहे. जपानमध्ये हा शब्द सैनिकी स्मरणाशी जोडला गेला. तोक्योचं यासुकुनी देवस्थानही १८६९ मध्ये ‘शोकोनशा’ म्हणूनच सुरू झालं. पण शब्दाचा मूळ अर्थ फक्त ‘आत्म्यांना बोलावणं’ एवढाच. इथे बोलावलं जातं ते जंगल तोडताना गेलेल्या शेतकऱ्यांना आणि त्यांच्या लेकरांना. भाषांतर करताना ‘हुतात्मा दिन’ असं काही लिहू नका.

११. भारतातून जायचं तर काय तयारी लागते?

साओ पाउलोहून प्रेसिदेंते प्रुदेंते साधारण ५६० किलोमीटर. बस बारा फुंदा स्थानकातून सुटते. रात्रीची बस सोयीची, सकाळी पोचता. विमानही आहे. प्रुदेंतेहून आल्व्हारिस माशादो टॅक्सीने जवळ आहे. मात्र दफनभूमी गावाबाहेर असल्यामुळे परतीची टॅक्सी आधीच ठरवून ठेवा.

बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे पीतज्वराची लस. ब्राझीलहून भारतात परतताना या लसीचं प्रमाणपत्र मागतात आणि लस घेऊन किमान १० दिवस झालेले असावे लागतात. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागू शकतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रावर मिळते, त्यामुळे तिकीट काढताक्षणीच तारीख घ्या.

१२. दगडावरची तारीख कशी वाचायची? मला जपानी येत नाही.

तारखेपुरतं वाचायला अर्धा तास सराव पुरतो. मजकूर उभा असतो. वरून खाली वाचायचा, आणि ओळी उजवीकडून डावीकडे.

आधी आकडे. एक, दोन, तीन म्हणजे तेवढ्याच आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. आठ म्हणजे एकमेकींपासून लांब पसरलेल्या दोन तिरप्या रेघा. सात हा दहासारखाच दिसतो, पण त्याची आडवी रेघ तिरकी असते आणि उभीचं शेपूट उजवीकडे वळतं. हे शेपूट झिजलं की सतराचं वीस किंवा सातचं दहा वाचलं जातं, ही सगळ्यात नेहमीची चूक. दुसरी चूक ‘तीन’मध्ये होते. मधली रेघ बुजली की ‘दोन’ दिसतं. अशा वेळी रेघांमधलं अंतर पाहा, ‘दोन’मध्ये ते अक्षराच्या मानाने इतकं मोठं नसतं. दोन अधिकची चिन्हं शेजारी चिकटवून खालून रेघ मारल्यासारखं अक्षर दिसलं तर ते जुन्या पद्धतीचं वीस आहे.

‘महिना’ हे अक्षर दोन पायऱ्यांच्या शिडीसारखं, ‘दिवस’ हे मधोमध गज असलेल्या खिडकीसारखं.

आता वर्ष. ते सम्राटाच्या कालखंडात दिलेलं असतं. मेइजी असेल तर १८६७ मिळवा, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. म्हणजे ताइशो ८ = १९१९ आणि शोवा १७ = १९४२. ताइशोचं पहिलं अक्षर हात पसरून उभ्या माणसासारखं, ते चुकत नाही. गोंधळ मेइजी आणि शोवामध्ये होतो, कारण दोघांच्याही पहिल्या अक्षराची डावी बाजू ती ‘खिडकी’च असते. उजवीकडे ‘शिडी’ असेल तर मेइजी, दुसरं काही असेल तर शोवा.

शेवटी ताळा करा. वसाहतच १९१७ च्या आसपासची आणि दफन १९४२ मध्ये थांबलं, त्यामुळे मृत्यूचं वर्ष ताइशो ६ ते शोवा १७ यांच्यातच पडलं पाहिजे. मेइजी आलं तर ते बहुधा जन्मवर्ष. शोवा १७ च्या पुढचं आलं तर दगड नंतर नव्याने बसवल्याची तारीख असेल, नाहीतर वाचण्यात चूक आहे.

१३. कबरीवर ‘वय २’ आहे, पण नोंदीत बाळ दोन महिन्यांचं. कोण चुकलं?

कुणीच नाही. जुन्या जपानी पद्धतीत जन्मतःच वय एक धरतात आणि दर नवीन वर्षाला एक वाढवतात. डिसेंबरात जन्मलेलं मूल जानेवारीत ‘दोन वर्षांचं’ होतं. आपल्या पद्धतीचं वय हवं असेल तर वाढदिवस त्या वर्षी उलटून गेला असल्यास एक वजा करा, नसल्यास दोन. यादी करताना दगडावरचा आकडा जसाच्या तसा लिहा आणि वजाबाकी वेगळ्या रकान्यात करा.

१४. मधोमध मोठ्या अक्षरांत जे नाव आहे, ते कोणत्याच कागदात सापडत नाही. का?

ते बहुधा मरणोत्तर नाव आहे. बौद्ध पद्धतीत भिक्षू मृताला नवं नाव देतो, त्याला काइम्यो म्हणतात. माणसाचं व्यवहारातलं नाव बाजूला, लहान अक्षरांत असतं आणि नोंदींत शोधायचं ते हेच.

तरी काइम्यो टाकून देऊ नका, त्यातून बरंच कळतं. शेवटची दोन अक्षरं पाहा. ‘शिन्जी’ किंवा ‘कोजी’ असेल तर पुरुष, ‘शिन्न्यो’ किंवा ‘दाइशी’ असेल तर स्त्री, ‘दोजी’ म्हणजे लहान मुलगा आणि ‘दोन्यो’ म्हणजे लहान मुलगी. बाकी सगळं झिजलं तरी एवढ्यावरून वय आणि लिंग यांचा अंदाज येतो. नाव ‘शाकू’ या अक्षराने सुरू होत असेल तर घर जोदो शिनशू पंथाचं. हे अक्षर शाक्यमुनींच्या ‘शाक्य’चं आहे. त्या पंथात वरची शेवटची पदं वापरत नाहीत, म्हणून ती दिसली नाहीत तर दगड अपुरा आहे असं समजू नका.

१५. नावाऐवजी नुसता मंत्र किंवा देवनागरीसारखं अक्षर दिसतं. ते काय?

मंत्र दोन प्रकारचे. दोन्हींची पहिली दोन अक्षरं सारखी, ‘नामु’, म्हणजे आपलं ‘नमो’. सहा अक्षरांचा असेल तर ‘नामु आमिदा बुत्सू’, अमिताभ बुद्धाला नमन. सात अक्षरांचा असेल तर ‘नामु म्योहो रेंगे क्यो’, सद्धर्मपुंडरीक सूत्राला नमन. मुंबईकरांच्या हा कानावर असेल, वरळीच्या निप्पोनझान म्योहोजी मंदिरात ढोलकाच्या ठेक्यावर हाच म्हणतात. दगडावर याच्या रेघा मिशांसारख्या लांब ओढलेल्या असतात, फक्त ‘हो’, म्हणजे धर्म, हे अक्षर तसं नसतं. लांबूनही यावरून ओळखू येतो.

दगडाच्या माथ्यावर एकच वळणदार अक्षर दिसलं तर ते सिद्धम लिपीतलं संस्कृत बीजाक्षर असू शकतं. शिंगोन पंथात ‘अ’, अमिताभासाठी ‘ह्रीः’, मुलांच्या कबरीवर क्षितिगर्भ बोधिसत्त्वाचं ‘ह’. सिद्धम आणि देवनागरी या दोघीही ब्राह्मीच्या वंशातल्या, म्हणून ओळखीचं वाटतं. पण अंदाजाने देवनागरी म्हणून वाचू नका, वळणं वेगळी आहेत.

१६. एका दगडावर चार-पाच नावं आहेत. मेलेला कोण?

जिच्याशेजारी मृत्युतिथी आहे ती व्यक्ती. मागच्या बाजूला किंवा डाव्या कडेला खाली असलेलं नाव बहुधा दगड उभारणाऱ्याचं, म्हणजे मुलाचं, भावाचं किंवा बापाचं. हौशी यादींमध्ये जिवंत माणसाला मृत करून टाकण्याची चूक इथेच होते.

आणखी एक अपवाद. जपानी रीतीत जोडीदाराचं नाव हयातीतच कोरून त्यात लाल रंग भरतात आणि मृत्यूनंतर तो काढतात. रंग पावसाने केव्हाच गेला. म्हणून नाव आहे पण तिथी नाही, तर ती व्यक्ती इथे पुरली आहे असं धरू नका. १९४२ नंतर तिला दुसरीकडे जागा मिळाली असेल (प्रश्न ६).

१७. अक्षरं दिसत नाहीत. खडू, पीठ किंवा दाढीचा फेस फासून फोटो काढू का?

नको, कशानेही नको. खडूचे कण छिद्रांत बसतात, पिठावर बुरशी येते, फेसातली रसायनं राहून जातात. कागद ठेवून पेन्सिल घासणंही टाळा, पापुद्रे सुटलेल्या दगडाचा वरचा थर निघतो.

तिरपा उजेड वापरा. ऊन दगडाच्या अंगाला घासून गेलं की खोदकामात सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. दोन फुटी आरसा घेऊन बाजूने ऊन टाका आणि कोन बदलत फोटो घ्या. भारतातून जाणाऱ्यांसाठी एक सूचना: तिथे सूर्य उत्तरेकडे कलतो. जुलैत दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडावर दिवसभर थेट ऊन येतच नाही, तिथे आरसा किंवा कॅमेऱ्यापासून लांब धरलेला दिवा लागतो. प्रत्येक दगडाच्या चारही बाजू घ्या, शिवाय शेजारच्या कबरींसह एक लांबून. नुसता समोरचा फोटो असेल तर मूळ गाव आणि उभारणाऱ्याचं नाव हमखास सुटतं.

१८. फुलं, मेणबत्ती, उदबत्ती कशी वाहायची?

फुलांचं प्लास्टिक आणि रबर आधी काढा. फुलदाणीत पाणी साचू देऊ नका, त्यात डेंग्यूचे डास होतात. तळाला भोक असलेलं भांडं किंवा ओली वाळू भरलेलं चालतं. मेणबत्ती थेट दगडावर चिकटवू नका. वाळू भरलेल्या डब्यात किंवा काचेच्या पेल्यात ठेवा. जुलैत गवत वाळलेलं असतं, ठिणगीने पेटतं. दगडावर मेण सांडलंच तर गरम पाणी ओतू नका, मेण वितळून छिद्रांत शिरतं आणि काळा डाग कायमचा राहतो. घट्ट होऊ द्या, प्लास्टिकच्या पट्टीने उचला. खाण्याचं अर्पण केलं तर निघताना परत घ्या, नाहीतर मुंग्या येतात.

१९. माझ्या ओळखीच्या कुटुंबाची कबर शेवाळली आहे. साफ केली तर चालेल का?

आधी दफनभूमीची व्यवस्था पाहणाऱ्या जपानी-ब्राझिलियन संस्थेला विचारा. संरक्षित वास्तू असल्याने पाण्याने धुण्यापलीकडचं काहीही परवानगीशिवाय होत नाही.

परवानगी मिळाली तर आधी दगड बोटाच्या पेराने हलकेच ठोका. बद्द आवाज आला तर आतून थर सुटला आहे, तिथेच थांबा. दगड डुगडुगत असेल तरीही थांबा. ठणठणीत असेल तर एका दगडाला दहा लिटर स्वच्छ पाणी धरा. आधी पूर्ण भिजवा आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, शेवाळ फुगून सैल होतं. मग मऊ नायलॉनच्या ब्रशने खालून वर घासत जा आणि सतत पाणी सोडा. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी खालच्या कोरड्या भागावर ओघळून पट्टे उमटतात. अक्षरांच्या खाचा बांबूच्या काडीने. एका खेपेत निघेल तेवढंच काढा. खोल रुजलेली दगडफुलं ओढली तर दगडाचे कण घेऊन येतात, ती राहू द्या.

तारेचा ब्रश, प्रेशरचं पाणी, ॲसिड आणि ब्लीच पूर्ण वर्ज्य. ब्लीचने दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो म्हणून मोह होतो. पण त्यातले क्षार छिद्रांत राहतात, सुकताना त्यांचे स्फटिक फुगतात आणि काही वर्षांत अक्षरांसकट पापुद्रा गळून पडतो. प्रेमाने केलेल्या सफाईने गेलेली नावं पावसाने गेलेल्या नावांइतकीच कायमची जातात.

२०. चुना मारला किंवा सिमेंटने फटी बुजवल्या तर?

ब्राझीलमध्ये २ नोव्हेंबरच्या मृतात्मा दिनाआधी कबरींना चुना लावायची पद्धत आहे, त्यामुळे हेतू वाईट नसतो. पण चार हात चुना बसला की उथळ कोरलेलं नाव बुजतं. कोरीव पृष्ठभागावर लावूच नका.

सिमेंटचं नुकसान मोठं आहे. जुने चौथरे मऊ विटांचे आणि चुन्याच्या सांध्यांचे. भिंतीत शिरलेलं पाणी सांध्यांतून बाहेर पडायचं. त्यावर सिमेंट आलं की वाट बंद होते, पाणी विटेतून निघू लागतं आणि वीट भुगा होते. सिमेंट मात्र शाबूत राहतं. दुरुस्ती चुन्याच्याच गिलाव्याने, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू या मापाने, परवानगी घेऊन आणि जाणत्या गवंड्याकडून. इकडची माती रेताड आहे, जोराच्या पावसात चौथऱ्याखालून वाहून जाते. म्हणून भेग बुजवण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं.

२१. आडनाव जुळतं, म्हणजे हे आपलेच पूर्वज ना?

लगेच ठरवू नका. करारात कुटुंबात काम करणारी किमान तीन माणसं हवीत अशी अट होती. ती भरण्यासाठी शेजारी, पुतण्या, कधी अगदी अनोळखी तरुण कागदोपत्री दत्तक घेतले जात. घाईत लग्नंही लावली जात. अशा माणसाच्या कबरीवर कागदावरचं आडनाव असेल, रक्ताचं नाही. उलटही होतं: कागदावर एक आणि दगडावर मूळ आडनाव. दगडाच्या कडेला कोरलेलं जपानमधलं गाव ताडून पाहा. एकाच आडनावाच्या दोन भावांची गावं वेगळ्या प्रांतांतली असतील तर दत्तक असण्याची शक्यता धरा.

२२. ब्राझीलच्या नोंदींत नाव कसं शोधायचं?

मृत्यूची नोंद नागरी नोंदणी कार्यालयात असते, त्याला कार्तोरिओ म्हणतात. आल्व्हारिस माशादो आणि प्रेसिदेंते प्रुदेंते दोन्ही ठिकाणी विचारा, कारण त्या काळी गाव प्रुदेंतेच्या हद्दीत होतं. दाखल्याची संक्षिप्त प्रत न मागता पूर्ण मजकुराची मागा. समासातल्या दुरुस्त्या आणि आईवडिलांची नावं त्यातच असतात.

नाव कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेलं असतं. ‘शि’साठी एस-एचऐवजी सी-एच किंवा एक्स, ‘के’ऐवजी सी किंवा क्यू, ‘वाय’ऐवजी आय. शिमिझु आणि योशिदा यांची प्रत्येकी चार-पाच रूपं करून शोधा. प्रवासी याद्यांसाठी साओ पाउलो शहरातलं स्थलांतर संग्रहालय, आणि लिबेरदादे भागातलं जपानी स्थलांतराचं संग्रहालय. जपानमधली कुटुंबनोंदवही, कोसेकी, फक्त थेट वंशजांना मिळते आणि अर्जात मूळ गावाचा पत्ता लागतो. तो पुष्कळदा दगडावरच सापडतो.

२३. वंशज असल्यास तिथे नवं दफन किंवा अस्थी ठेवता येतात का?

नाही. दफन १९४२ पासून बंद आहे आणि कुटुंबाची कबर आधीपासून असली तरी अपवाद नाही. नवीन नावाची पाटी लावायची असेल तर तीही परवानगीशिवाय लावता येत नाही (प्रश्न १९).

२४. गवतात दगडाचा तुटका तुकडा पडलेला दिसला. उचलून जवळच्या कबरीवर ठेवू का?

हलवू नका. तुकडा कुठे आणि कोणत्या बाजूला पडला, यावरूनच तो कोणाचा हे कळतं. नीटनेटकं करायला म्हणून शेजारच्या चौथऱ्यावर ठेवला की तो भलत्याच माणसाचा होऊन बसतो. जागेवरच फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. सर्वांत जवळच्या दोन कबरींपासूनचं अंतर मोजून लिहा. तुटलेली कड आणि दगडाची जाडी यांचा वेगळा फोटो काढा, जुळवणी त्यावरूनच होते. अक्षरं वरच्या बाजूला असतील तर उलथून पालथी करू नका आणि पालथा असेल तर बघायला उलटवू नका, खालची बाजू मातीत सुरक्षित असते. फोटो आणि मापं त्याच दिवशी व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेकडे द्या.